रात्री पावणेअकराला जिमहून आल्यावर ताटात काय असावं?

प्रश्न थोडक्यात असा: वय २९, वजन ७० किलो, ऑफिस हिंजवडीत. जिम सव्वानऊ ते साडेदहा, घरी पोचायला पावणेअकरा, झोप बाराला, उठणं सातला. ट्रेनर म्हणतो, अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे. आई म्हणते, एवढ्या रात्री जड खाऊ नकोस, कपभर दूध पी आणि झोप. कुणाचं ऐकायचं?

आईचं जास्त ऐका, पण कपभर दुधावर भागणार नाही. ट्रेनरचं प्रथिनांबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, त्यांची घाई मात्र चुकीची आहे. व्यायामानंतर स्नायूंची प्रथिनं वापरण्याची क्षमता निदान चोवीस तास वाढलेली असते, ती अर्ध्या तासात संपत नाही. जिमच्या दोन-तीन तास आधी नीट खाल्लं असेल तर घरी येऊन आंघोळ करून सव्वाअकराला जेवलात तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते दुपारी दीडला जेवून, साडेपाचला चहा-बिस्किटं खाऊन थेट जिमला गेल्यावर. नऊ तासांची भूक रात्री अकराला ताटावर बसते. मग चार पोळ्या, भाजी, आमटी-भात, वर लोणचं, आणि पाऊण तासात आडवं.

म्हणून रात्री काय खावं याचं निम्मं उत्तर संध्याकाळी साडेसहा-सातलाच द्यावं लागतं. रात्रीचं जेवण दोन भागांत तोडा. पोट भरणारा भाग, म्हणजे पोळी-भाजी, उसळ, जे काही डब्यात असेल ते, जिमच्या दोन-अडीच तास आधी ऑफिसातच खा. जिमनंतर राहतो तो प्रथिनांचा भाग आणि सोबत एक भाकरी किंवा वाटीभर भात. दुसरा डबा न्यायची लाज वाटत असेल तर पुढचं काहीही वाचून उपयोग नाही, कारण अकराची ती वखवख कुठल्याही पावडरीने भागत नाही.

आता हिशेब. वजनं उचलणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ७० किलोला ११२ ग्रॅम झाले. बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसासाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० साली सांगितलेलं प्रमाण ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ५८ ग्रॅम, आणि आपलं पोळी-भाजी-वरण-भाताचं नेहमीचं जेवण जेमतेम तिथवर पोचतं. हे ११२ ग्रॅम चार खेपांत वाटले तर प्रत्येक खेपेला २८ येतात. सकाळी तीन अंडी आणि पेलाभर दूध, दुपारी तीन पोळ्या, घट्ट वरण, उसळ आणि वाटीभर दही, संध्याकाळी पोळीबरोबर ६० ग्रॅम पनीर किंवा मटकीची उसळ, एवढं केलं तर ७०-७५ ग्रॅम होतात. रात्रीच्या ३० ग्रॅमनी दिवस १०० ते १०५ पर्यंत येतो. उरलेल्या दहाएक ग्रॅमसाठी जीव टाकू नका. पण सकाळी दोन प्लेट पोहे आणि दुपारी पातळ वरण खाऊन सगळी भरपाई रात्रीच्या ताटात करायला गेलात तर ना ती पचते, ना झोप लागते.

झोपण्याआधीच्या प्रथिनांवर नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात बरंच काम झालं आहे. २०१२ च्या प्रयोगात संध्याकाळी व्यायाम केलेल्या तरुणांना झोपण्यापूर्वी ४० ग्रॅम केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, दिलं, तेव्हा रात्रभरात स्नायूंमध्ये प्रथिनं बांधण्याचा वेग सुमारे २२ टक्क्यांनी जास्त दिसला. २०१५ साली बारा आठवड्यांच्या प्रयोगात रोज झोपताना २७.५ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची ताकद आणि स्नायू दोन्ही जास्त वाढले. पण यातली मेख लक्षात घ्या. दुसऱ्या गटाला ती प्रथिनं दिवसात इतर वेळीही मिळाली नव्हती, त्यामुळे फायदा वेळेचा की जादा प्रथिनांचा हे त्यातून वेगळं काढता येत नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की झोपेत प्रथिनं नीट पचतात आणि वापरली जातात, ती वाया जातात ही समजूत खोटी आहे. आणि केसीन म्हणजे काही परदेशी औषध नव्हे. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीनच असतं. पनीर आणि चक्का ही त्याचीच घरगुती रूपं.

किती खायचं हे भुकेवर सोडू नका, आडवं व्हायला किती वेळ उरलाय त्यावर ठरवा. दोन तास असतील तर नेहमीचं जेवण जेवा, फक्त तळलेलं नको. तासभर असेल, म्हणजे तुमची स्थिती, तर ३५० ते ४५० कॅलरींचं, कमी तेलाचं, मऊ शिजलेलं ताट. अर्धाच तास उरला असेल तर पोळी-भाकरीसारखं चावायचं काही नको, पातळ किंवा मऊ असं घ्या. पोटातून पुढे सरकायला सर्वांत जास्त वेळ लावतो तो स्निग्धांश. ३० ग्रॅम प्रथिनं पाच ग्रॅम तेलाबरोबर आणि तीच तीस ग्रॅम तेलाबरोबर, यांत रात्रीच्या झोपेचा फरक पडतो.

जिमहून आल्या आल्या ताटावर बसू नका. जोराच्या व्यायामात रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळलेलं असतं, पोट अजून ताळ्यावर आलेलं नसतं. हात-पाय धुवा, आंघोळ करा. त्या पंधरा-वीस मिनिटांत कुकर लावून होतो.

कुकर म्हणजे मुगाची खिचडी. पण नेहमीचं माप उलटं करा. घरी दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेतात, इथे ६० ग्रॅम मूगडाळ आणि ३० ग्रॅम तांदूळ. दोन्ही जिमला निघताना भिजत घाला. सकाळी घालून ठेवलंत तर उन्हाळ्यात रात्रीपर्यंत आंबतं. आल्यावर पाचपट पाणी, हळद, हिंग, जिरं, किसलेलं आलं, चार शिट्ट्या. वर चमचाभर तूप, चमचाभरच. यातून १६ ग्रॅम प्रथिनं मिळतात, सोबत २०० ग्रॅम दही घेतलं की २२-२३. याची तार पातळ असावी. घट्ट गोळा झालेली खिचडी भरभर गिळली जाते आणि पोटात दगडासारखी बसते.

अंडी खात असाल तर तीन आख्खी आणि आणखी दोन अंड्यांचं फक्त पांढरं, मिळून २६ ग्रॅम. कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून चमचाभर तेलात भुर्जी, बरोबर एक ज्वारीची भाकरी. भाकरीचे आणखी चार-पाच ग्रॅम धरा. तेलाचा चमचा मोजून घाला. बाटली तिरकी केली की सहज तीन चमचे पडतात आणि तिथेच शंभर कॅलरी जास्त होतात. बाहेरच खायची वेळ आली तर गाडीवरची भुर्जी-पाव वडापावपेक्षा कितीतरी बरी. तीन अंड्यांची सांगा, तेल आणि मिरची कमी, पाव दोनच, आणि पावाला बटर लावू नका म्हणून आधीच बजावा. पाव तव्यावर गेल्यावर सांगून उपयोग नसतो.

पनीरबद्दल जरा तपशिलात सांगतो, कारण शाकाहारी माणसाचा हा मोठा आधार आहे आणि चुकाही इथेच होतात. बाजारातल्या साध्या पनीरच्या १०० ग्रॅममध्ये १८ ते २० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तितकाच किंवा जास्त स्निग्धांश असतो. दीडशे ग्रॅम पनीर बटर मसाल्यात घातलं की ताटात साठ ग्रॅम तूप-तेल जातं. रात्रीसाठी घरीच डबल टोन्ड दुधाचं करा. एक लिटर दूध उकळून गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग दोन चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून थोडं थोडं घाला आणि हलक्या हाताने हलवा. पाणी हिरवट-पिवळसर स्वच्छ दिसलं की थांबा, आणखी रस नको. फाटल्यावर पुन्हा उकळलंत किंवा वर पाटा ठेवून तासभर दाबलंत की कमी स्निग्धांशाचं पनीर रबर होतं. फडक्यात गाळून गार पाण्याने धुवा, वीस मिनिटं टांगा, बस. सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मऊ पनीर निघतं, त्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं आणि १०-१२ ग्रॅम स्निग्धांश. नुसतं कुस्करून, जिरेपूड-मीठ-कोथिंबीर घालून भाकरीबरोबर खाता येतं. निवळीत दुधातलं थोडं व्हे प्रथिन उतरलेलं असतं, ती ओतून देऊ नका. त्यात कणीक मळा किंवा आमटीला वापरा.

दह्याचा चक्का हा दुसरा मार्ग. अर्धा किलो दही फडक्यात बांधून फ्रिजमध्येच तीन-चार तास टांगा. ओट्यावर टांगलं तर पुण्यात एप्रिलमध्ये आंबट ढाण होतं. पावशेराच्या आत-बाहेर चक्का निघतो, १२ ते १४ ग्रॅम प्रथिनांचा. म्हणजे एकट्याने भागत नाही. त्यात अर्धा स्कूप व्हे पावडर किंवा जोडीला दोन उकडलेली अंडी हवीत. श्रीखंडाला मात्र याच्यात मोजू नका. तिथे चक्क्याच्या बरोबरीने साखर असते, आणि रात्री अकराला वाटी कधी दोन वाट्या होते ते कळतही नाही.

‘रात्री दही खाऊ नये’ असं तुमच्या घरी म्हणत असतील. सर्दी-कफाचा त्रास खरोखर होत असेल तर खाऊ नका, ताक घ्या. होत नसेल तर पचनाच्या दृष्टीने त्यात अडचण नाही, उलट ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही बहुधा चालतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी दुधातली बरीच साखर आधीच फोडलेली असते. शिकरणाचंही तसंच. दूध-केळं विरुद्ध मानत असाल तर केळं ताटात वेगळं ठेवा किंवा सोडून द्या, त्यावाचून काही अडत नाही. घरात वाद घालून ते खावं इतकं त्यात काही नाही.

सोयाबीनच्या वड्या स्वस्त आणि भरपूर प्रथिनांच्या. ४० ग्रॅम कोरड्या वड्यांत २० ग्रॅम प्रथिनं. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, दाबून पिळून, परत पाण्यात घालून पिळायच्या, असं तीनदा. याने उग्र वास जातो आणि गॅस धरणाऱ्या शर्कराही बऱ्याच निघून जातात. तरीही पहिल्यांदा खाणार असाल तर दुपारी खाऊन बघा. नवा पदार्थ रात्री अकराला पोटावर आजमावू नये. राजमा, छोले, वाटाण्याची उसळ रात्री नकोच. प्रथिनं चांगली, पण पोट फुगतं आणि दोनला जाग येते.

मांसाहारात १२० ग्रॅम कच्चं, हाड नसलेलं चिकन म्हणजे २६ ग्रॅमच्या आसपास. आलं-लसूण, हळद, दही लावून सकाळीच फ्रिजमध्ये ठेवा, रात्री झाकण ठेवून दहा-बारा मिनिटांत शिजतं. मासा याहून हलका. दोन मध्यम बांगडे कमी तेलात शॅलो केले की रात्रीचं काम झालं. रवा लावून भरपूर तेलात तळलेले बोंबील किंवा नारळाच्या वाटपाचं कालवण दुपारी खा. सोलकढी जेवणानंतर पचायला म्हणून पितात, पण ज्यांना छातीत जळजळ होते त्यांना कोकमाची आंबटी आणि नारळाचं दूध, दोन्ही झोपताना बाधतात.

अर्धाच तास उरला असेल त्या रात्रीसाठी व्हे पावडर ठीक आहे. एक स्कूप, २४-२५ ग्रॅम प्रथिनांचा, २०० मिली दुधात घातला की ३० ग्रॅम होतात, हवं तर एक केळं. डब्यावर स्कूपचं वजन आणि त्यातली प्रथिनं दोन्ही बघा. ३५ ग्रॅमच्या स्कूपमध्ये १५ ग्रॅमच प्रथिनं असतील तर बाकी साखर आणि कोकोचे पैसे मोजताय. दुधाने पोट गुडगुडत असेल तर पाण्यात घ्या किंवा आयसोलेट, म्हणजे दुधातली साखर जवळपास काढून टाकलेली व्हे पावडर, वापरा. पावडर नको असेल तर ४० ग्रॅम सातू किंवा दळलेलं फुटाणाडाळं ताकात कालवून, वर दोन उकडलेली अंडी. सातूचे आठ-नऊ ग्रॅम, अंड्यांचे बारा-तेरा.

भात-पोळी रात्री पूर्ण बंद करणारे बरेच आहेत. सातनंतर कार्ब खाल्लं की चरबीच होते, असं काही नसतं. वजन दिवसभराच्या एकूण कॅलरींवर हलतं. व्यायामात वापरलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, पुन्हा भरायला भात-भाकरी लागतेच, पण पुढचा व्यायाम उद्या रात्री असेल तर त्यासाठी चोवीस तास आहेत, आजच टोपभर भात संपवायची गरज नाही. तुम्ही उद्या सकाळी सहाला पुन्हा धावायला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. मग रात्री दोन वाट्या भात घ्याच. वजन कमी करायचं असेल तर भाकरी अर्धी करा, प्रथिनं कमी करू नका. वाढवायचं असेल तर जास्तीचं खाणं सकाळ आणि संध्याकाळच्या खेपेत घाला. रात्रीची खेप फुगवून वजन वाढवणाऱ्यांची सकाळची भूक मरते आणि दिवसाचा एकूण आकडा तिथेच अडकतो.

शेंगदाणे आणि पीनट बटर प्रथिनांसाठी खाल्ले जातात, ही फसवणूक आहे. १०० ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रथिनं आणि त्याच्या जवळपास दुप्पट तेल. २५ ग्रॅम प्रथिनांसाठी साडेपाचशेहून जास्त कॅलरी. हळद-दूध प्यायला हरकत नाही, पण पेलाभर दुधात प्रथिनं साडेसहाच ग्रॅम.

घरी झाकून ठेवलेल्या जेवणाबद्दल एक सूचना. साडेसातला केलेला भात ओट्यावर झाकून अकराला खाऊ नका, विशेषतः मार्च ते जून. शिजवताना न मरणारे जिवाणूंचे बीजाणू कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं एक विष नंतर गरम करूनही जात नाही. भात, डाळ, चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, किंवा हॉटकेसमध्ये वाफाळतं राहायला हवं. पोळ्यांना ही भीती नाही.

पाण्याचं गणित सोपं आहे. एकदा जिमच्या आधी आणि नंतर, घामाचे कपडे काढून वजन करा. अर्धा किलो घटलं तर ६०० ते ७५० मिली पाणी हवं, पण ते पावणेअकराच्या आत, निघता निघता आणि वाटेत घ्या. घरी जेवताना पेलाभर. झोपताना लिटरभर ढोसलंत तर तीनला उठावं लागतं. पावसाळ्यात मुंबईला किंवा गोव्यात दमट हवेत घाम जास्त जातो, तिथे ३०० मिली ताकात पाव चमचा मीठ घाला. रक्तदाब असेल तर हे मीठ नको.

झोप लागत नाही म्हणून जेवणाला दोष देण्याआधी जिमपूर्वी काय घेता ते बघा. प्री-वर्कआउटच्या, म्हणजे जिमआधी तरतरीसाठी घेतात त्या पावडरीच्या, एका स्कूपमध्ये सहसा १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि ते निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. नऊला घेतलेलं रात्री दोनला अर्धं अंगात असतं. २०१३ च्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून जास्त घटली होती. रात्री जिम करणाऱ्याने शेवटचा चहा-कॉफी चार-पाचच्या आत संपवावा. संध्याकाळचं ते डबा-जेवण झालं असेल तर स्कूपची गरजही पडत नाही.

तिघांनी वरचं सगळं जसंच्या तसं करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर रात्रीच्या व्यायामानंतर पहाटेपर्यंत कधीही उतरू शकते, म्हणून त्यांनी भाकरी-भात टाळायचा नाही, झोपताना साखर मोजायची आणि औषधाची मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवायची. रात्री घामाने ओलं होऊन जाग येणं, सकाळी डोकं जड असणं ही खुणेची लक्षणं आहेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. आणि आम्लपित्त, छातीत जळजळ असणाऱ्यांनी जेवण ते झोप यांत किमान दोन-तीन तास ठेवावेत. ते जमत नसेल तर रात्री पातळ खेपच घ्यावी, पलंगाचा डोक्याकडचा भाग पाच-सहा इंच उचलून घ्यावा, नुसत्या उशा रचून नव्हे, आणि डाव्या कुशीवर झोपावं.

दोन आठवडे करून बघा आणि सकाळच्या तीन गोष्टी टिपत जा. उठल्यावर तोंड आंबट, पोट जड आणि नऊपर्यंत भूक नाही, तर रात्रीचं तेल आधी कमी करा, मग प्रमाण. पहाटे तीन-चारला भुकेने जाग येत असेल तर संध्याकाळचा डबा कमी पडतोय, तिथे एक पोळी वाढवा, रात्री नव्हे. आणि पोट ठीक आहे, झोपही लागते, पण वजनं पुढे सरकत नाहीत, तर दिवसभरातली प्रथिनं पुन्हा मोजा. तूट बहुतेक सकाळच्या पोह्यांतच सापडेल.